लेथचा चक : तीन जबडे की चार?

शाळेसाठी किंवा हौसेखातर छोटा लेथ घेतला, की प्रश्न येतो तो चकचा. जॉब धरायचा कशात? दुकानदार बहुधा थ्री-जॉ पुढे करतो. उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ.

आपल्याकडचा कातारी चक वापरीत नसे. दोन अणकुचीदार टोकांमध्ये लाकूड धरायचे, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवायचे. लाकूड काढून पुन्हा त्याच खळग्यांत बसवले, की अक्ष तोच! अचूकतेत ही पद्धत अजूनही चकच्या वरचढ आहे. वलगावकडचा कापूस जिनात ज्या रेच्यावर सरकीपासून सुटतो, त्याच्या रुळाचा लांब दांडा असाच दोन सेंटरांत कातता येतो. पण जॉब आखूड असेल किंवा त्याच्या तोंडाशी भोक पाडायचे असेल, तर एक टोक मोकळे हवे. तेथे चक लागतो.

रुळाच्या रेच्याचे पेटंट अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने १८४० साली घेतले. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच देशात सायमन फेअरमन याने आजच्या थ्री-जॉसारख्या चकचे पेटंट घेतले. या चकच्या पोटात एक चकती असते आणि तिच्या तोंडावर आर्किमिडीजचे सर्पिल कोरलेले असते. या सर्पिलात कोन सारखा वाढला की त्रिज्याही सारखीच वाढते. म्हणून चकती फिरवली की तिन्ही जबडे सारखेच सरकतात. जबडे १२० अंशांवर असल्याने त्यांचे दाते एकमेकांपेक्षा एकतृतीयांश पिचने सरकवलेले असतात. जबड्यांवर १, २, ३ आकडे असतात ते यासाठीच. क्रम चुकला तर केंद्र साधत नाही. विद्यार्थ्यांकडून हे आलेखावर जरूर काढून घ्यावे.

दोषही सर्पिलातच आहे. त्याची वक्रता दर त्रिज्येला वेगळी, म्हणून दात्याचा स्पर्श अरुंद पट्टीपुरताच होतो आणि झीज लवकर होते. ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फरक सहज पडतो. अर्थात एकाच पकडीत सारे काम उरकले, तर तो फरक जॉबमध्ये उतरत नाही. जॉब उलटा करून धरला की उतरतो.

फोर-जॉमध्ये प्रत्येक जबड्याचा स्क्रू स्वतंत्र. डायल गेज लावून केंद्र ०.०१ मिलिमीटरपर्यंत आणता येते. वेळ मात्र लागतो. चौकोनी सळई, वेडेवाकडे ओतीव, मुद्दाम केंद्र हलवून कातायचा जॉब, सारे यात धरता येते. हरिहरला १९४१ साली स्थापन झालेल्या मैसूर किर्लोस्करच्या लेथांवरही हे दोन्ही चक चढत.

पैसे एकाचेच असतील, तर आम्ही फोर-जॉ घेऊ. गोल जॉब भराभर करायची वेळ आली, की थ्री-जॉ पुढे घेता येईल. चक जड नको. छोट्या लेथच्या बेअरिंगवर त्याचा भार येतो. विकत घेण्यापूर्वी जबडे, वापरायचे तितके बाहेर काढावेत आणि चक हाताने फिरवून ते बेडला लागत नाहीत ना, हे पाहावे.