टायर वितळत का नाही?

आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत गुडइयरचा टायर कारखाना आहे. हे गुडइयर कोण, असं आम्ही गटात विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, मालक असेल.

तसं नाही. चार्ल्स गुडइयर अमेरिकेतले. त्या काळी रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक व्हायचं. त्यावर उपाय शोधता शोधता हा माणूस कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. घरात गंधक-रबर शिजवत बसणाऱ्या नवऱ्याचा संसार क्लॅरिसाबाईंनी कसा रेटला असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १८३९ मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळलं नाही. चामड्यासारखं करपलं, पण कडेला लवचिक राहिलं. १८४४ मध्ये पेटंट मिळालं, तरी १८६० मध्ये वारले तेव्हा डोक्यावर कर्ज होतंच. कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्यांनीच काढली, नाव तेवढं यांचं.

असं का झालं, हे खुद्द गुडइयरांनाही सांगता आलं नसतं. कार्बनचा अणू चार जोड धरतो आणि कार्बनला कार्बन जोडून साखळी होते, हे केकुले आणि कूपर यांनी १८५८ मध्ये वेगवेगळं मांडलं. जोड कशाचा, ते १९१६ मध्ये लुईस यांनी उलगडलं. आपली सावड आठवा. एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा. जोडी जमते, औत चालतं, आणि जोडी दोन्ही घरांची. अणूंचंही तसंच. प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन, जोडी दोघांची. मुलांच्या पुस्तकात याला सहसंयुज बंध म्हणतात. कार्बनची अशी चार घरांशी सावड.

रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. कच्च्या रबरात त्या सुट्या, म्हणून तापल्या की एकमेकींवरून घसरतात. गंधक दोन साखळ्यांना धरून मधे पूल बांधतं, मग घसरायला वाव नाही. प्लास्टिकची बादली वितळवून पुन्हा ओतता येते, टायर येत नाही, तो यामुळे.

हे गंधक टायरमध्ये शेवटपर्यंत राहतं. पावसाळ्यात जळण ओलं असलं की काही घरी चुलीत टायरचा तुकडा घालतात. आगीत हे पूल तुटतात, गंधकाचा डोळे-घसा झोंबवणारा वायू होतो, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भिंतीवर बसतो, छातीतही. म्हणून यंदा आमच्या गटातल्या बायांनी तुराट्या-पऱ्हाट्या मृगाच्या आधीच छपराखाली रचायचं ठरवलं आहे.