तणनाशकाची चाचणी कशी करतात? व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी वाचा

तासगाव म्हटलं की द्राक्ष आणि बेदाणा. तणनाशकाचे 'फवारणीआधी' आणि 'फवारणीनंतर' असे फोटो आता बागायतदारांच्या फोनवरही फिरतात. तण जळालेलं दिसलं की औषध चांगलं, असं आपण धरून चालतो. पण ती चाचणी नव्हे.

मग चाचणी म्हणजे काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे नवीन फीचर काही लोकांना देतात, काहींना देत नाहीत आणि फरक मोजतात. शेतातही तेच. एकाच रानात सारखे वाफे पाडायचे. काहींत तणनाशक, काहींत हाताने भांगलण, काहींत काहीच नाही. प्रत्येक प्रकार तीन-चार वेळा घ्यायचा आणि कुठला वाफा कशाला, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. कारण पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात तण मुळातच जास्त असतं.

मोजतात कसं?

ठरावीक मापाची चौकट टाकून आतलं तण मोजतात, मग कापून, वाळवून वजन करतात. समजा न फवारलेल्या वाफ्यात २०० ग्रॅम भरलं आणि फवारलेल्यात ३०, तर नियंत्रण ८५ टक्के.

फोनने जमेल का?

थोडंफार. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं 'कॅनोपिओ' ॲप प्रत्येक पिक्सेलमधला लाल, हिरवा, निळा रंग तपासून फोटोत हिरवळ किती टक्के ते सांगतं. पण त्याला पीक आणि तण दोन्ही हिरवंच. द्राक्षाच्या वेलीखाली, जिथे जमिनीवर फक्त तण असतं, तिथे ठीक. कांद्यात मात्र आकडा फसवा.

तण मेलं, पण वेलीचं काय?

खरा प्रश्न हाच. द्राक्षवेल टू-फोर-डीला फार नाजूक. शेजारच्या उसातली फवारणी वाऱ्याने आली तरी पानं पंख्यासारखी आवळतात. म्हणून चाचणीत पिकाची इजा आणि उत्पादनही नोंदवतात. शिवाय मालात औषधाचा अंश उरतो का, ते प्रयोगशाळेत बघतात. युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम चालतं. म्हणजे १०० टन द्राक्षात १ ग्रॅम!

व्हिडिओ बघताना चार प्रश्न विचारा

१. शेजारी न फवारलेला पट्टा दाखवलाय का?
२. फवारणीला किती दिवस झाले? तण परत फुटलं का?
३. पिकाची पानं जवळून दाखवली का?
४. डब्याच्या लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का?

चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही चांगली असली तरी ते औषध तुमच्या बागेसाठी नाही.