न्यूयॉर्कमधील तळघरवस्ती आणि परवान्याचा कायदा

नगरांच्या इतिहासात जोत्याखाली राहणाऱ्या माणसांची नोंद बहुधा रोगाची साथ किंवा पूर आल्यानंतरच होते. न्यूयॉर्क शहरातील भाड्याच्या तळघरांचा इतिहास हा याचा ठळक दाखला होय. तळघर राहण्यासाठी भाड्याने देण्यास सरकारी परवाना असावा, हा नियम तेथे दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याने कोणाचे रक्षण केले आणि कोणाला दृष्टिआड केले, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंड व जर्मनी येथून आलेल्या दरिद्री कुटुंबांना मॅनहॅटनमध्ये सर्वांत स्वस्त निवारा मिळे तो तळघरात. तेथे उजेड नसे, हवा नसे. शौचकूपांचे पाणी भिंतींतून पाझरे. १८३२ व १८४९ साली पटकीने शहरात थैमान घातले. १८६६ साली ती पुन्हा येऊ घातली असता महानगर आरोग्य मंडळाची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी भाड्याच्या चाळवजा इमारतींविषयीचा पहिला व्यापक कायदा संमत झाला. मंडळाच्या परवान्यावाचून तळघरात बिऱ्हाड ठेवण्यास या कायद्याने मनाई केली. खोली किमान ७ फूट उंच असावी आणि त्यांपैकी निदान १ फूट रस्त्याच्या पातळीवर असावी, अशा अटी घातल्या. रोग मुख्यतः दूषित हवेतून पसरतो, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. कारणमीमांसा चुकीची असली तरी निघालेला नियम हितकारकच होता.

पुढे १९०१ च्या कायद्याने या कामासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले, आणि १९२९ साली राज्याचा बहुकुटुंब निवास कायदा आला. तीन किंवा अधिक कुटुंबे स्वतंत्रपणे राहतात अशा इमारतींना तो लागू होतो. शहराच्या नियमांत पुढे एक भेद रूढ झाला. जिची निम्मी तरी उंची रस्त्याच्या पातळीवर आहे ती खोली ‘बेसमेंट’. निम्म्याहून अधिक उंची पातळीखाली असेल तर ती ‘सेलर’. पहिली काही अटींवर भाड्याने देता येई. लहान घरांतील दुसरी मुळीच नाही. दोन कुटुंबांच्या घरात तळाशी तिसरे बिऱ्हाड थाटले की ते घर १९२९ च्या कायद्याच्या कक्षेत जाई. मग अग्निरोधक बांधणी, निर्गमनमार्ग आदींचा खर्च सामान्य घरमालकाच्या आवाक्याबाहेर जाई.

याचा परिणाम काय झाला? वस्ती थांबली नाही. ती क्वीन्स व ब्रुकलिनमधील लहान घरांच्या पोटात शिरली. कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी मालकाला भाडे हवे होते, आणि नव्याने आलेल्या स्थलांतरिताला परवडणारी खोली. तक्रार झाली की तपासनीस येई आणि धोका गंभीर दिसल्यास खोली रिकामी करण्याचा हुकूम निघे. म्हणजे धोका ज्याला प्रत्यक्ष ठाऊक, त्यानेच तो सांगितला असता तोच बेघर होणार! अशा व्यवस्थेत मौन हाच भाडेकरूचा शहाणपणा ठरतो.

या मौनाची किंमत १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री कळून आली. आयडा वादळाच्या अवशेषांनी त्या रात्री सेंट्रल पार्क येथे एका तासात ३ इंचांहून अधिक पाऊस पाडला. शहरात १३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ११ जण तळघरांतील होते. ज्या घरांत हे मृत्यू झाले त्यांपैकी बहुतेकांतील तळघरे परवान्यावाचून राहती केलेली होती.

अशी घरे सुरक्षित करून कायदेशीर करण्याचा प्रयोग ईस्ट न्यूयॉर्क भागात २०१९ साली सुरू झाला होता. परंतु दुरुस्तीचा भारी खर्च आणि २०२० च्या साथीत निधीला लागलेली कात्री यांमुळे तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांपलीकडे गेला नाही. २०२४ साली राज्याने शहरातील ठरावीक विभागांपुरती वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी शहरानेही त्यानुरूप नियम केले. आधीपासून असलेले तळघर अटी पूर्ण करून अधिकृत करता येईल आणि दुरुस्तीपायी बाहेर पडलेल्या भाडेकरूस परत येण्याचा पहिला हक्क राहील, हे या तरतुदींचे सार. पूरप्रवण क्षेत्रांतील तळघरे मात्र तीतून वगळली आहेत.

हे वगळणे तर्काला धरून आहे. बुडणाऱ्या खोलीला परवाना कोण देईल? परंतु १८६७ पासूनचा अनुभव सांगतो की, परवाना नाकारल्याने खोली रिकामी होत नाही, ती फक्त नोंदवहीतून नाहीशी होते. नियमाबरोबर परवडणारे दुसरे घर मिळाले तरच मनाईचे रूपांतर संरक्षणात होते. ते न मिळाल्यास सर्वांत धोक्याच्या खोलीत राहणारा मनुष्यच कायद्याला सर्वांत शेवटी दिसेल, आणि तोही बहुधा पाणी ओसरल्यावर.