पुनर्मूल्यांकनाची वाटचाल : पुनर्परीक्षेकडून पुनर्अध्ययनाकडे (मंद्रूप परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
परीक्षेत अपयशी ठरलेल्या विद्यार्थ्यास दुसरी संधी कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न आधुनिक परीक्षापद्धतीइतकाच जुना आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा घेतली आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ही विभागणी समाजाच्या अंगवळणी पडली. प्रस्तुत निबंधात पुनर्मूल्यांकनाच्या तीन टप्प्यांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

१) पुरवणी परीक्षा :
१ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. मार्चमधील शालान्त परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी दीर्घकाळ ऑक्टोबरच्या परीक्षेस बसत असे. तिचा निकाल लागेपर्यंत अकरावीचे प्रवेश संपलेले असत. परिणामी उत्तीर्ण होऊनही वर्ष वाया जाई. मंद्रूपसारख्या सीमावर्ती, शेतीप्रधान गावात हे रिकामे वर्ष फार महाग पडते. मजुरीत गुंतलेला मुलगा अथवा लग्नाची बोलणी सुरू झालेली मुलगी पुन्हा वर्गात परतेलच, याची शाश्वती नसते. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घेण्यास प्रारंभ झाल्याने त्याच वर्षी पुढील प्रवेशाचा मार्ग खुला झाला. मात्र यात बदलला तो केवळ महिना. दोन परीक्षांमधील अध्यापनाची उणीव कायम राहिली.

२) उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क :
मंडळाच्या नियमांनुसार विद्यार्थ्यास केवळ गुणपडताळणीची मुभा होती. या निर्बंधास आव्हान दिले गेले असता, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परितोष भूपेशकुमार शेठ खटल्यात मंडळाचे नियम वैध ठरविले. लक्षावधी उत्तरपत्रिकांचे फेरमूल्यांकन व्यवहार्य नाही व निकालास अंतिमता हवी, असा या निर्णयाचा रोख होता. पुढे माहिती अधिकाराच्या आधारे २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' असून ती पाहण्याचा परीक्षार्थीस हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. आपली चूक कोठे झाली हे विद्यार्थ्यास कळणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.

३) श्रेणी व पूरक मार्गदर्शन :
शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. त्यात 'अ-१' ते 'इ-२' अशा श्रेणी ठरविण्यात आल्या. 'इ' श्रेणीतील विद्यार्थ्यास जादा मार्गदर्शन देऊन किमान 'ड' श्रेणीपर्यंत आणण्याची जबाबदारी शिक्षकावर सोपविली गेली. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रभुत्व अध्ययनाच्या विचाराशी हे सूत्र जुळते. परंतु प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते नोंदवह्यांपुरते उरले. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्णांना पूरक मार्गदर्शन, दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि त्यातही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवणे, अशी तिची रचना आहे.

निष्कर्ष :
सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. ग्रामीण महाविद्यालयांतही सत्रपद्धती व अंतर्गत मूल्यमापन रूढ झाले. तेथेही वरील इतिहासाचा बोध लागू पडतो. पुनर्मूल्यांकनास उदार संधी मानले, की विद्यार्थी पहिली चाचणी गांभीर्याने घेत नाही आणि प्राध्यापकावर तपासणीचा भार वाढतो. शिक्षा मानले, की विद्यार्थी गळतो. यावर मध्यममार्ग शक्य आहे. पुनर्चाचणीपूर्वी विद्यार्थ्याने चुकांची दुरुस्ती व पूरक स्वाध्याय सादर करावा. चाचणी न साधलेल्या घटकापुरतीच असावी. तिची मुदत सत्रारंभीच जाहीर व्हावी आणि सुधारित श्रेणीने जुनी श्रेणी बदलावी. दुसऱ्या संधीचे मोल ती किती वेळा दिली यावर नव्हे, तर दोन संधींच्या दरम्यान काय शिकविले गेले यावर ठरते.