नौनाख्ते व अमेननाख्त

नौनाख्ते व अमेननाख्त : (इ. स. पू. बारावे शतक). प्राचीन ईजिप्तमधील थीब्झच्या पश्चिम तीरावरील देर अल्-मदीना या कारागिरांच्या वसाहतीतील माय-लेक. राजांच्या दरीतील थडगी कोरणारे कारागीर येथे राहत. नौनाख्ते मिळकतदार स्त्री, तर अमेननाख्त ग्रंथसंग्राहक.

कुटुंब : पहिला पती केन्हिरखेपेशेफ हा वसाहतीचा लेखनिक, वयाने बराच मोठा. त्याच्यामागे तिने खाएमनून या कारागिराशी विवाह केला. अपत्ये आठ.

 

मृत्युपत्र : पाचव्या रॅमसीझ राजाच्या कारकीर्दीच्या तिसऱ्या वर्षी (इ. स. पू. सु. ११४५) नौनाख्तेने स्थानिक न्यायसभेपुढे निवेदन केले. आपण स्वतंत्र स्त्री आहोत, आठही मुलांना वाढवून त्यांचे संसार थाटून दिले. मात्र म्हातारपणी सर्वांनी सांभाळले नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी हात दिला त्यांनाच तिने वारस केले. केन्हिरखेपेशेफ हे तिच्या पहिल्या पतीचेच नाव धारण करणाऱ्या मुलाला वाट्याखेरीज काशाचे एक तस्त दिले. वगळलेल्यांचा तिच्या एकतृतीयांश हिश्श्यावर, पहिल्या पतीच्या मिळकतीवर व तिच्या पित्याच्या कोठारावर हक्क राहिला नाही. खाएमनूनच्या दोनतृतीयांश हिश्श्यावर मात्र राहिला. वारसांनी पुढे न्यायसभेपुढे ही वाटणी मान्य केली. ईजिप्तविद्यातज्ज्ञ चेरनी यांनी १९४५ मध्ये हे दस्तऐवज प्रसिद्ध केले. स्त्रीच्या मिळकतीच्या हक्काचा दाखला म्हणून ते वारंवार उद्धृत होतात. परंतु कुटुंबाचे खरे महत्त्व ग्रंथसंग्रहात आहे.

ग्रंथसंग्रह : केन्हिरखेपेशेफने जमवलेले पपायरस नौनाख्तेच्या मुलांकडे आले. त्यांतील स्वप्नफलांच्या पपायरसमध्ये स्वप्न व त्याचे फळ ओळीने दिले असून ‘अशुभ’ हा शब्द लाल शाईत आहे. मोठे मांजर दिसणे शुभ, त्याने पीक भरघोस येते. पाठीमागे केन्हिरखेपेशेफने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात कादेशच्या युद्धाचे काव्य उतरवले आहे. अमेननाख्तने पपायरसवर ‘लेखनिक’ या बिरुदासह, खाएमनूनचा पुत्र म्हणून आपले नाव घातले. त्याने स्वतः ग्रंथ रचले की केवळ जपले, याबद्दल मतैक्य नाही. हॉरस-सेत यांच्या कलहाची कथा व प्रेमगीते असलेला पपायरसही याच संग्रहातील मानला जातो. १९२८ च्या सुमारास हे पपायरस उजेडात आले. काही संग्राहक चेस्टर बीटी यांच्याकडे गेले आणि ईजिप्तविद्यातज्ज्ञ ॲलन गार्डिनर यांनी त्यांचे संपादन केले.

स्वप्नफलांचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये, तर मृत्युपत्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.