अंगठ्याची किंमत कोणी ठरवली?

गिरण्यांचा इतिहास लिहिणारे चिमण्या मोजतात, चात्या मोजतात, मालकांच्या देणग्या मोजतात. तुटलेली बोटं कोणी मोजत नाही असं आपल्याला वाटतं. पण ती मोजलेली आहेत, दोस्तहो. कायद्यात त्यांचा तक्ताच आहे. अंगठ्याला इतके टक्के, तर्जनीला इतके टक्के. हा तक्ता आपल्या माणसांनी नीट वाचला पाहिजे. त्यात जात कुठंही लिहिलेली नाही आणि तरी ती त्यात बसलेली आहे.

आधी हा तक्ताही नव्हता. १८५५ साली इंग्रज सरकारनं अपघाती मृत्यूचा एक कायदा केला. माणूस मेला तर घरच्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावायचा आणि चूक दुसऱ्याची होती हे शाबीत करायचं. ज्याच्या घरात चूल पेटायची मारामार, त्यानं वकील कुठून आणायचा? आणि ज्याचा जीव वाचला पण हात गेला, त्याला या कायद्यात जागाच नव्हती. त्यानं मालकाच्या दारात उभं राहायचं. मिळालं तर बक्षिसी, नाही तर गावची वाट.

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो सत्यशोधकांचा. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या पोटाची सोय करा. बक्षिसी नको, हक्क पाहिजे, हे आपल्या मुलखात इतक्या उघडपणे तेव्हा मांडलं गेलं. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. अपंगाच्या पोटाला मात्र चाळीस वर्षं थांबावं लागलं.

पहिल्या महायुद्धानंतर संपांवर संप झाले, तेव्हा कुठं १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. यातली मोठी गोष्ट ही, की चूक कोणाची हा सवाल बाजूला पडला. कामावर असताना, कामामुळं अपघात झाला एवढं पुरे. दारू पिऊन होता किंवा मुद्दाम नियम मोडला एवढीच पळवाट मालकाला उरली. पण देताना सरकारनं हात आखडता घेतला. पहिल्या दहा दिवसांचं काहीच नाही, पुढं अर्धा पगार. माणूस कायमचा निकामी झाला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यात जे कमी असेल ते. एखादा अवयव गेला तर त्या रकमेचे टक्के. अंगठ्याला २५, तर्जनीला १०, बाकी बोटांना ५-५.

आता हिशोब करा. समजा एका कामगाराचा पगार ४० रुपये, दुसऱ्याचा २०. दोघांचे अंगठे एकाच दिवशी गेले. पहिल्याला मिळतील ४२० रुपये, दुसऱ्याला २१०. अंगठा तोच, रक्त तेच, टक्के तेच. फरक पगाराचा.

आणि पगार कशानं ठरत होता? मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगार साच्यावर. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचा धागा तोंडानं ओढून घ्यायचा. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा सवर्ण साचेवाल्याला चालत नव्हता. म्हणून आपल्या लोकांना साचेखातं बंद. त्यांच्या वाट्याला रिंग खातं, झाडलोट, कमी पगाराची कामं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपवाल्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा त्यांनी नाखुशीनंच साचेखात्याची मागणी यादीत घेतली. म्हंजे बघा, विटाळ आधी पगारात शिरला आणि पगारातून भरपाईत. कायदा करणाऱ्यानं जातीचा एक शब्दही लिहिला नाही. लिहायची गरजच पडली नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. जखम दिसते म्हणून ती तक्त्यात आली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठते, ती कोणाला दिसत नाही. सुट्टी काढून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते, दम लागतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. १९२३ च्या यादीत शिसं होतं, फॉस्फरस होता, पण कापूस नव्हता. ज्या शहराचं पोट कापसावर भरत होतं, त्याच्या कामगारांचा आजार यादीत यायला पुढं कित्येक वर्षं लागली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते. त्याच काळात प्रा. अदारकर यांच्याकडून कामगार विम्याची योजना तयार झाली. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. एकट्या मालकाच्या खिशातून पैसे ओढण्याऐवजी सगळ्यांच्या वर्गणीचा फंड, त्यातून दवाखाना आणि अपंगाला दरमहा पैसे. पण तिथंही रक्कम पगारावरच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि कामगार कंत्राटात गेला. गटारात उतरणारा तर किती पिढ्या जातीनंच उतरतोय. त्याच्या नावाची ना हजेरी, ना पगाराची चिठ्ठी. पगारच कागदावर नाही तर टक्के कशाचे काढणार? म्हणून मला सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल मोलाचे वाटतात. २०१४ साली कोर्टानं गटारातल्या मृत्यूला १० लाख ठरवले. २०२३ च्या ऑक्टोबरात ते ३० लाख केले. अपंगत्वाला किमान १० लाख आणि कायमच्या निकामीपणाला किमान २० लाख. हे आकडे पगाराला बांधलेले नाहीत. सगळ्या अंगठ्यांची किंमत एक, या हिशोबाकडं टाकलेलं हे पाऊल आहे.

१९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. अंगठ्याला आता ३० टक्के, तर्जनीला १४. कंत्राटदारानं हात वर केले तरी मूळ मालकाकडं भरपाई मागता येते, हा जुना हक्क अजून आहे. तेव्हा पगाराची चिठ्ठी मागा. अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. वाचता येत नसेल त्याला वस्तीतल्या पोरांनी वाचून दाखवा. आणि युनियनच्या सभेत एक सवाल उभं राहून विचारा : ज्याला जातीमुळं कमी पगार मिळाला, त्याचं बोट स्वस्त का?