सुरतेतील बाळंतिणीचे ताट

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही गुजराती म्हण आमच्या वाचकांना परिचित असेल. तीतील जेवण घारीचे आणि उंधियूचे. बाळंतिणीच्या ताटाचा विचार म्हण करणाऱ्याच्या मनात असेल असे वाटत नाही. तथापि त्या ताटालाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा एका मराठी स्त्रीपर्यंत पोहोचतो.

डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) यांचे नाव दादाजी भिकाजी यांनी लावलेल्या दाव्यामुळे सर्वतोमुखी झाले. नांदावयास जाण्यापेक्षा तुरुंगवास पत्करण्याची त्यांची १८८७ मधील तयारी सर्वांना ठाऊक आहे. परंतु लंडनहून वैद्यकाचे शिक्षण पुरे करून आल्यावर सुमारे दोन दशके त्या सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळात राबल्या, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची १८७९ साली प्रसिद्ध केली होती. तेव्हा आजीबाईच्या बटव्यातील वस्तूंकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्या घरातच त्या वाढल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या बटव्यात सुरतेस काय असे? सुवा, म्हणजे आपल्या बाळंतशेपा, गुंदर, म्हणजे डिंक, सुंठ, गंठोडा, म्हणजे पिंपळमूळ, आणि अशी अनेक द्रव्ये घालून केलेले काटलुं. आपल्याकडील डिंकाचे, मेथीचे व अळिवाचे लाडू त्याचेच सोयरे होत. या द्रव्यांची वंशावळ फार जुनी आहे. चरकाने प्रसूतेला प्रथम पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक व सुंठ यांच्या चूर्णासह स्नेह आणि मग पातळ यवागू द्यावयास सांगितली आहे. असे पाचसात दिवस गेल्यावर क्रमाक्रमाने पुष्टिदायक अन्न. मसाला आपण जतन केला, क्रम मात्र विसरलो! प्रसूतीच्या दुसऱ्याच दिवशी तुपात थबथबलेला शिरा पुढे करणाऱ्या घरास चरकाचा आधार मिळणार नाही. पाणी तोडणे आणि पालेभाजी वर्ज्य करणे हे तर निव्वळ अहितकारक. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तहान अधिक लागते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न मुदतीचा आहे. सुश्रुताने सूतिकावस्था दीड महिन्याची मानली. लोकाचाराने ती सव्वा महिन्यावर आणली. सव्वा महिना संपला की लाडू संपतात, आणि कालपर्यंत जिला ताट वाढून मिळत होते ती सर्वांच्या मागून जेवावयास बसते. दूध मात्र पंचांग पाहून आटत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे स्तनदा मातेस पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० आणि पुढील सहा महिने सुमारे ५२० कॅलरी अधिक लागतात. लोहाच्या गोळ्याही प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. हे वर्षभराचे देणे केवळ सुक्या मेव्याने फिटणार नाही. ते भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, दूध, चालत असेल त्या घरी अंडे किंवा मासळी, अशा रोजच्या अन्नातूनच भागवावे लागेल. आणि त्यासाठी बाईने चार वेळा, भूक लागेल तेव्हा, खावयास बसले पाहिजे.

आज उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील कित्येकांची चूल यंत्रमागावर चालते. अशा घरी पाळणा हलला की धुळ्याजळगावकडून बाळाची आजी भुसावळ–सुरत मार्गाच्या गाडीने लाडवांचा डबा घेऊन येते. सव्वा महिना ती लेकीला समोर बसवून जेवू घालते. मग गावाकडची कामे खोळंबलेली असतात. रिकामा डबा घेऊन ती परत निघते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जाणाऱ्यांचे डबे भरून झाल्यावर टोपल्यात एखादी भाकरी उरली आहे की नाही, हे लेकीला स्वतःच पाहावे लागते.